गंगेवर जाऊन येतो

“तू आहेस ना, म्हणून मी गेलोच नाही बघायला.”

काका हे रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण ते भिजलेल्या खोक्यातली पितळी निरांजनं एकेक करून काढत होते, फडक्यानं पुसत होते आणि आमटीत मीठ जरा कमी पडलंय अशा सुरात ते बोलून गेले. भांडी बाजारातल्या त्यांच्या दुकानात रात्री घोटाभर पाणी येऊन गेलं होतं. सकाळी मी पोचलो तेव्हा पाणी ओसरलं होतं. उरला होता तो चिकट काळा गाळ, आणि वास. गटाराचा, भिजलेल्या पुठ्ठ्याचा, आणि या दोन्हींच्या खालून येणारा ओल्या पितळेचा, जो नंतर दिवसभर बोटांना राहतो. नुकसान म्हणाल तर फार नव्हतं. तांब्यापितळेला पाण्याचं काय वाटणार, चिंच लावून घासलं की पुन्हा लखलखीत. गेले ते प्रेशर कुकर. म्हणजे कुकरला काही झालं नव्हतं, त्यांचे छापील खोके भिजले होते, आणि खोका फुगलेला दिसला की गिऱ्हाईक आतला ठणठणीत कुकरसुद्धा निम्म्या किमतीला मागतं. शिवाय उधारीची एक वही लगदा झाली होती. “चला, गंगेनं उधारी धुऊन टाकली,” मी वातावरण हलकं करायला म्हणालो. (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात.) काकांनी वर न बघता मला दुरुस्त केलं. “गंगेनं नाही. गटारीनं.”

त्या दुरुस्तीकडे मी तेव्हा लक्षच दिलं नाही. माझ्या डोक्यात त्यांचं पहिलं वाक्य फिरत होतं. तू आहेस ना.

मी म्हणजे खरं तर नारद. नारद हा मी लिहिलेला दीडेकशे ओळींचा प्रोग्रॅम. पावसाळ्यात दर पंधरा मिनिटांनी तो गंगापूर धरणाच्या साठ्याचे आणि विसर्गाचे आकडे शोधून आणतो, आणि विसर्ग मी ठरवलेल्या क्युसेकच्या वर गेला की आमच्या घरच्या ग्रुपवर निरोप टाकतो. नाव चुलतबहिणीनं ठेवलं, कारण पहिल्याच आठवड्यात त्यानं रात्री दोनला सगळ्यांना उठवून भांडणं लावली होती. त्याच्या जन्माची गोष्ट मात्र मी कुणाला नीट सांगितलेली नाही, कारण ती जरा लाजिरवाणी आहे.

४ ऑगस्ट २०१९, रविवार. मी कंपनीच्या कामासाठी अ‍ॅमस्टरडॅमला होतो. तिकडे सकाळ, इकडे दुपार. हातात कॉफी, समोर स्वच्छ ऊन पडलेला कालवा, त्यात बदकं, आणि फोनवर नाशिकचा व्हिडिओ. होळकर पुलाला घासून जाणारं लाल-तपकिरी पाणी, छत्र्या, आरडाओरडा, आणि जिथे घाटावरचा दुतोंड्या मारुतीचा उंच पुतळा असायला हवा तिथे नुसता पाण्याला पडलेला एक वळसा. मी तीनदा मागे नेऊन बघितलं. शेंदराचा ठिपकासुद्धा नाही. काकांना फोन लावला तर ते पोटमाळ्यावर बसलेले, खाली दुकानात कमरेइतकं पाणी, आणि ते ओरडून सांगतायत, “डोक्यावरनं गेलं रे! डोक्यावरनं!” त्या आवाजात भीती होती. पण मी शपथेवर सांगतो, थोडा तोराही होता. माझ्या गावच्या नदीनं बघ काय करून दाखवलं, असा. मला काळजी वाटली, ती खरीच. पण काळजीच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती ओळखायला मला दोन दिवस लागले. मला हेवा वाटत होता. एवढा मोठा पूर आला आणि मी तिथे नव्हतो.

दुकानाच्या मधल्या सागवानी खांबावर रेघा आहेत. सगळ्यात वरची १९६९ ची. आजोबांनी ती कोळशानं मारली आणि नंतर कुणीतरी हिरव्या ऑइलपेंटनं गिरवली. तिच्या खाली २००८, मग २०१६, आणि त्या उन्हाळलेल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या सकाळनंतर २०१९. लहानपणी आमची उंची याच खांबाला लावून मोजत. “एकोणसत्तरच्या वर गेलास की तुला दुकानावर बसवतो,” काका म्हणायचे. नववीत मी एकोणसत्तर ओलांडलं, पण दुकानावर काही बसलो नाही. इंजिनिअरिंग, मग पुणे, मग परदेशाच्या वाऱ्या. काकांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी मात्र त्या वर्षी २०१९ ची रेघ बघायला सुट्टी काढून आलो, आणि ती मारताना मी तिथे नव्हतो याची टोचणी घेऊन परत गेलो. दोन वर्षांनी घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा मी पुण्यातलं घर सोडून गंगापूर रोडला राहायला आलो आणि सगळ्यात आधी नारद लिहिला. माणूस पुरात नसला तरी त्याचा प्रोग्रॅम असावा, असा काहीसा हिशोब असणार.

हा हिशोब डोक्यात बसवला तोही अ‍ॅमस्टरडॅमनंच. तिथे नगरपालिका आणि ऑपेरा एकाच इमारतीत आहेत, आणि त्या इमारतीत काचेचे तीन उंच खांब आहेत, पाण्यानं भरलेले. दोन खांबांत देशाच्या किनाऱ्यावर दोन ठिकाणी आत्ता या घटकेला समुद्र किती चढलाय ते दिसतं. पाणी हळूहळू वर-खाली होत असतं. तिसरा खांब बघायला मान वर करावी लागते. १९५३ च्या फेब्रुवारीतल्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ते तो दाखवतो: शून्यापासून ४.५५ मीटर. त्या रात्री नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली. आणि ते शून्यही तिथेच आहे, ब्राँझच्या एका ठोकळेबाज बोल्टच्या रूपात. सगळ्या देशाच्या उंच्या ज्या पातळीपासून मोजतात, ती ही. तिचं मूळ सतराव्या शतकातलं. योहानेस हुडे नावाचा एक गणिती शहराचा महापौर होता. त्यानं १६८० च्या दशकात शहराच्या पाणदरवाजांमध्ये संगमरवरी दगड बसवून घेतले, त्यांवर आडवी रेघ आणि मजकूर: समुद्रबांधाची उंची, शहरपातळीच्या वर नऊ फूट पाच इंच. गणिती महापौर! मला तो माणूस फार आवडला. जेवणाच्या सुट्टीत मी कितीदा तरी त्या खांबांपाशी जाऊन उभा राहायचो आणि मनातल्या मनात आमच्या गावाला नावं ठेवायचो. इथे मिलिमीटरची भाषा, आणि आमचं काय, तर मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. शेंदूर फासलेला मापदंड. दरवर्षी शेंदराचा नवा थर चढतो, म्हणजे मापसुद्धा दरवर्षी जाड होत जाणार.

पुढे एका शनिवार-रविवारी पॅरिसला गेलो तेव्हा ही नावं ठेवणं जरा आवरतं घ्यावं लागलं. आल्मा पुलाच्या खांबाशी झुआव्ह सैनिकाचा एक दगडी पुतळा आहे, आणि पॅरिसकर सेन नदीचा पूर त्याच्या अंगावर मोजतात. पाय भिजले, मांड्या भिजल्या. १९१० च्या पुरात पाणी त्याच्या खांद्यांपर्यंत गेलं होतं. मी गेलो त्या दिवशी तो कोरडा ठणठणीत, एका बाजूला मान करून उभा होता आणि शेजारून पर्यटकांची बोट चालली होती. मला हसू आलं. थोडं बरंही वाटलं. पण एवढ्यानं मत बदलावं इतका काही मी शहाणा नव्हतो.

आता त्या रात्रीचं.

माझं पोटापाण्याचं कामच मुळी हे आहे. दुसऱ्यांची यंत्रणा नीट चालली आहे का, यावर नजर ठेवणारे प्रोग्रॅम लिहायचे. पडद्यावर हिरवे ठिपके असतात. एखादा लाल झाला की कुणाचा तरी फोन वाजतो, आणि महिन्यातला एक आठवडा तो कुणीतरी मी असतो. त्या विशिष्ट रिंगटोननं माझं पोट आजही आवळतं, लग्नाच्या पंगतीत दुसऱ्या कुणाचा फोन तसा वाजला तरी. या कामातली पहिली शिकवण अशी, की मर्यादा फार खाली ठेवली तर फोन इतका वाजतो की लोक तो बंद करून झोपतात; फार वर ठेवली तर वाजेपर्यंत घर बुडालेलं असतं. दुसरी शिकवण पहिल्यापेक्षा महत्त्वाची आहे आणि ती मी नवीन पोरांना दरवर्षी तावातावानं सांगतो: लाल ठिपक्याला घाबरू नका, जो ठिपका बदलतच नाही त्याला घाबरा. तो हिरवा असेल, किंवा मेलेला असेल. दिसायला दोन्ही सारखेच.

आणि मीच नारदमध्ये, कुठल्याशा घाईच्या रात्री, एक ओळ लिहून ठेवली होती. आकडा मिळाला नाही तर शून्य धर.

त्या दिवशी ज्या पानावरून नारद आकडा उचलायचा त्याची मांडणी बदलली होती. आकडा होता तिथे आता दुसरंच काही होतं. नारदला काही सापडलं नाही, त्यानं इमानदारीत शून्य धरलं. शून्य म्हणजे विसर्ग नाही, विसर्ग नाही म्हणजे पूर नाही, पूर नाही म्हणजे निरोप नाही. संध्याकाळी सहापासून तो दर पंधरा मिनिटांनी उठून सगळं ठीक आहे असं स्वतःशी म्हणत होता आणि पुन्हा झोपत होता. टोनी होअर नावाच्या इंग्रज संगणकशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये एका भाषेत ‘काहीच नाही’ दाखवणारा नल आणला, कारण तो आणणं सोपं होतं, आणि २००९ मध्ये त्यानंच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. माझी चूक त्याहून स्वस्तातली, सहा कुकरच्या खोक्यांची, आणि बरोबर उलटी. मी तो नल पुसला आणि त्याच्या जागी शून्य लिहिलं. घरात कुणी नाही आणि आपण दारच वाजवलं नाही, यात जो फरक आहे तोच मी मिटवून टाकला होता.

दुकानातून घरी आलो, हात धुतले, पितळेचा वास गेला नाही, तसाच बसून ती ओळ दहा मिनिटांत दुरुस्त केली. फार हलकं वाटलं. चूक सापडणं आणि ती एका ओळीत असणं यासारखं सुख आमच्या धंद्यात दुसरं नाही. संध्याकाळी मुद्दाम पुन्हा दुकानात गेलो आणि काकांना सगळं समजावून सांगितलं. शून्य, नल, पानाची मांडणी. ते शेवटच्या शेल्फाला फिनेल मारत होते. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं. म्हणजे तो नारद काल चालू असता तर त्यानं सांगितलं असतं?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

कारण नसतंच सांगितलं. काल धरणातून पाणी सोडलेलंच नव्हतं. काल दीड तास पाऊस पडला तो गावावर पडला, आणि ते पाणी सरस्वती नाल्यानं आलं. सरस्वती म्हणजे एकेकाळचा ओहोळ. तो आता रस्त्याच्या आणि दुकानांच्या पोटातून वाहतो. आमच्या पिढीला तो कधी दिसलेला नाही, फक्त जोराच्या पावसात दहीपूल आणि सराफ बाजार गुडघाभर पाण्यात गेला की त्याची आठवण होते. “पाणी पुढून येतं तेव्हा ते गंगेचं,” काका म्हणाले, “गंगा सांगून येते. मागून येतं, मोरीतून, चेंबरातून, ते सरस्वतीचं. ती सांगत नाही.” मला सकाळची दुरुस्ती आठवली. गंगेनं नाही, गटारीनं. म्हणजे मी वर्षानुवर्षं दीडेकशे ओळींचा डोळा धरणावर लावून बसलो होतो आणि पाणी पायाखालून येणार होतं. नारदच्या सगळ्या ओळी अगदी बरोबर असत्या, तरी काल तो गप्पच बसला असता. आणि माझी ती दहा मिनिटांची दुरुस्ती, जिच्यावर मी दुपारभर खूश होतो, तिचा या सहा कुकरांशी काडीचा संबंध नव्हता.

“पण मग तुम्ही काल गंगेवर गेला असता तरी काय कळलं असतं?” मी जरा चिडूनच विचारलं. मारुतीच्या पायालाही काल पाणी लागलं नसणार. मोजायला गंगा काय आणि माझं धरण काय, सारखंच की.

काकांनी फिनेलचा डबा खाली ठेवला. “अरे, मी गंगेवर जातो ते काय सरळ जातो का?”

हे खरं होतं आणि मला ते चाळीस वर्षांपासून माहीत होतं. पावसाळ्यात संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की काका ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणत निघत. सरळ गेलं तर घाट पाच मिनिटांवर. त्यांना पाऊण तास लागे. कारण आधी उलट्या दिशेला, दहीपुलाकडे. तिथे एका मित्राकडे अर्धा चहा. त्याच्या ओट्यासमोरचं चेंबरचं झाकण पावसात थडथडायला लागलं, की हे लोक एकमेकांकडे बघणार, कुणीतरी ‘सरस्वती बोलली’ म्हणणार, आणि एखादं पोरगं पळत जाऊन चार दुकानदारांना सांगून येणार. मग सराफ बाजार. तिथे कुणाच्या मुलीचं कुठे जमलं याची चौकशी. मग उतारावरून खाली सांडव्यावरच्या देवीला हात जोडून घाटावर. ओल्या दगडांचा, कुजक्या झेंडूचा, भिजलेल्या कपड्यांचा वास, चपला हातात, आणि समोर मारुती. लहानपणी मी त्यांचं बोट धरून जायचो तेव्हा मला वाटायचं की आपण मारुती बघायला आलोय. गुडघ्याला पाणी म्हणजे खालची फळी रिकामी करायची, कमरेला म्हणजे सगळा माल पोटमाळ्यावर, छातीला म्हणजे गल्ला आणि काकू गंगापूर रोडला आत्याकडे. ही कोष्टकं मला पाढ्यांसारखी पाठ होती. नारद लिहिताना मी हीच कोष्टकं क्युसेकमध्ये बसवली होती. पाऊण तासातली शेवटची तीन मिनिटं तेवढी उचलली होती मी.

आणि वाटेवरचं ते थडथडणारं झाकण? ते कुठल्याही पानावर नसतं.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. काका आता बहात्तरचे आहेत आणि त्यांचा उजवा गुडघा गेलाय. “तू आहेस ना, म्हणून मी गेलो नाही,” यात थोडा गुडघाही असणार. उतारावरचे ओले दगड त्यांना नको वाटतात. नारद आला आणि त्यांना न जायला एक इभ्रतीचं कारण मिळालं. म्हणजे मी त्यांचं काहीतरी हिरावून घेतलं असं म्हणून स्वतःला फार मोठं करण्यातही अर्थ नाही. काकू तर म्हणतात, बरं झालं, रात्रीबेरात्री घाटावर जाणं बंद झालं. मला दोन्ही पटतं. पण त्या पावसाळ्यात दहीपुलावरच्या मित्राचा अर्धा चहा तसाच थंड होत राहिला असणार, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

नारद अजून चालू आहे. आता आकडा मिळाला नाही तर तो तसं स्पष्ट सांगतो. शिवाय रोज संध्याकाळी सातला, काही नसलं तरी, ‘नारद जागा आहे’ एवढा निरोप टाकतो. आमच्या धंद्यातली ही रीतच आहे, यंत्रानं आपण जिवंत असल्याचं अधूनमधून कळवायचं. चार दिवसांत घरातल्या सगळ्यांनी तो ग्रुप म्यूट केला. चुलतबहीण म्हणाली, असला नारद देवांनीही ठेवून घेतला नसता.

गेल्या आठवड्यात दुपारपासून झड लागली होती. पाच वाजता माझी अ‍ॅमस्टरडॅमच्या लोकांशी मीटिंग होती, ती मी पुढे ढकलली. कारण काय द्यावं ते सुचेना, मग ‘नदी बघायला जायचंय’ असं खरंच लिहून टाकलं. पलीकडून एकीचं उत्तर आलं, फोटो पाठव. रविवार कारंजावर गाडी लावली आणि छत्री घेऊन चालत निघालो. दहीपुलावर चहावाल्यानं मला ओळखलं नाही. काकांचं नाव सांगितल्यावर ओट्यावर जागा करून दिली आणि न विचारता अर्धा चहा पुढे केला. झाकण गप्प होतं. आम्ही दोघं बराच वेळ त्या झाकणाकडे बघत बसलो, बोलायला तसं काही नव्हतं. मग सराफ बाजारातून खाली. घाटावर गर्दी जमली होती, कणसं भाजण्याचा धूर, पोरांचे सेल्फी, एक म्हातारी पाण्याच्या कडेला वाकून बोटानं पाणी कपाळाला लावत होती. पाणी लाल झालं होतं. मारुतीच्या पायाशी येऊन ते फुटत होतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जात होतं.

फोन वाजला. काका.

“कुठवर?”

मी डोळे बारीक करून बघितलं. लाट आली की वर, गेली की खाली. इतक्या वर्षांनी माझी नजर तयार राहिली नव्हती. शेजारच्या माणसाला विचारलं. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, पोटरी.

“पोटरीला,” मी फोनवर म्हणालो.

“पोटरी मधली का वरची?”

मी पुन्हा शेजारच्याकडे वळलो.